वर्ष वाया गेले काय ?

(मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



 

मी वक्ता नाही. बँकेत क्लार्क आहे. दिवसभर लोकांचे पैसे मोजणे, नोंदी करणे आणि फॉर्ममधल्या चुका दाखवणे हे माझे काम. बी.ए. झालेला माणूस विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना काय सांगणार, असे मी कार्यकारिणीला म्हणालो होतो. पण कार्यकारिणीने आग्रह धरला. माझ्या मुलीने बारावीनंतर एक वर्ष थांबून मग फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. ती गोष्ट इथे सांगावी, कारण आपल्या वस्तीत दरवर्षी चार-पाच घरांत हाच प्रश्न उभा राहतो, असे त्यांचे म्हणणे पडले. ते मला पटले, म्हणून उभा आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करतो. माझ्या मुलीवर थांबण्याची वेळ आली त्यात तिच्या गुणांचा वाटा होता, पण मोठा वाटा माझा होता.

२०२२ साली ती बारावी विज्ञान शाखेतून पास झाली. त्या वर्षीची नीट परीक्षा जुलैमध्ये झाली. ७२० पैकी २४८ गुण पडले. एम.बी.बी.एस.चा प्रश्नच नव्हता. तिने आपणहून सांगितले, "पप्पा, मला फिजिओथेरपीच करायची आहे." महाराष्ट्रात बी.पी.टीएच. या पदवीचे प्रवेश नीटच्या गुणांवरच, राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. फॉर्म भरायला बसलो आणि लक्षात आले की तिचे जातीचे प्रमाणपत्र आहे, पण जात वैधता प्रमाणपत्र नाही. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत समितीकडे अर्ज करायला हवा होता. मी "करू, करू" म्हणत राहिलो. दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका शोधणाऱ्या माणसाने स्वतःच्या लेकीचा फॉर्म मात्र भरलाच नव्हता. वैधता नसल्यामुळे तिला खुल्या गटात धरले गेले, आणि खुल्या गटात त्या गुणांवर एकाही फेरीत नाव लागले नाही.

त्यानंतर फोन सुरू झाले. अमुक ठिकाणी संस्थास्तरावरची जागा आहे, पूर्ण फी भरा, उद्याच प्रवेश घ्या. मी बँकेतलाच माणूस, कर्ज कसे मिळते ते मला ठाऊक. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळते, आणि हमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतही मिळू शकते. पण कर्ज मिळणे आणि कर्ज परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या रात्री मी वहीवर हिशेब मांडला. तो विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. समजा, चार वर्षे दरवर्षी एक लाख रुपये कर्ज उचलले आणि व्याज दहा टक्के सरळव्याजाने धरले. अभ्यासक्रम तेव्हा साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्षाची सवलत, म्हणजे हप्ता साडेपाच वर्षांनी सुरू होणार. पहिल्या लाखावर तोवर ५५,००० रुपये व्याज होते, दुसऱ्यावर ४५,०००, तिसऱ्यावर ३५,००० आणि चौथ्यावर २५,०००. एकूण १,६०,००० रुपये. मुलीच्या हातात पहिला पगार पडण्याआधीच चार लाखांचे पाच लाख साठ हजार झालेले असतात. तिकडची फी तर वर्षाला एक लाखाहून कितीतरी जास्त होती.

उलट, प्रवेश शासकीय फेरीतून, राखीव जागेवर झाला तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते आणि त्याहून अधिक असल्यास शिक्षण फी व परीक्षा फीची सवलत, म्हणजे आपण ज्याला फ्रीशिप म्हणतो ती मिळते. एका कागदाअभावी मी हे सगळे घालवले होते.

मुलगीच म्हणाली, "पप्पा, मी एक वर्ष थांबते." आणि खरे सांगतो, माझ्या पोटात गोळा आला.

का आला, ते सांगतो. मीही एकदा "एक वर्ष" थांबलो होतो. बी.ए. झाल्यावर मला एम.ए. करायचे होते. घरची परिस्थिती अशी होती की वडील म्हणाले, "एक वर्ष काम कर, मग पुढे शीक." मी एका दुकानात हिशेब लिहायला लागलो. त्या वर्षाचे दुसरे वर्ष झाले. मग बँकेच्या परीक्षा, मग नोकरी, लग्न, मुले. ते एक वर्ष अजून संपलेले नाही. माझी तक्रार नाही, नोकरीने घर उभे केले. पण थांबलेला माणूस पुन्हा चालायला लागतोच असे नाही, हे मी स्वतःवरून जाणत होतो. मुलीच्या बाबतीत तर आणखी एक धोका होता. मुलगी घरी आहे असे कळले की नातेवाईक स्थळे घेऊन येतात. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीतच दोन आली. "भाऊ, वर्ष तर वायाच गेलंय, आता बघून टाका," असे एका वडीलधाऱ्या माणसाने मला सांगितले.

अशा वेळी माणूस आधार शोधतो. मी माझा आधार बाबासाहेबांच्या चरित्रात शोधला. आपण त्यांच्या पदव्यांची यादी पाठ म्हणतो, पण त्या यादीच्या मधली मोकळी जागा आपण वाचत नाही. १९१६ साली ते लंडनला गेले. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी दिली होती. बडोद्यात राहायला जागासुद्धा मिळाली नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला निघाले. त्या दरम्यान ते नुसते थांबले होते काय ? ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली. पुढे १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. आणि बॅरिस्टरीही पूर्ण झाली.

म्हणजे बाबासाहेबांच्या शिक्षणातही तीन वर्षांचा खंड होता. परंतु त्या खंडाला मुदत होती, पैशांचा हिशेब होता आणि परत जाण्याचा निश्चय होता. माझ्या खंडाला यातले काहीच नव्हते. दोन्हींतला फरक मला वयाच्या चाळिशीनंतर कळला. मी मुलीला म्हणालो, "थांब. पण मी थांबलो तशी थांबू नकोस."

आता फिजिओथेरपीच का, हेही सांगायला हवे. कारण 'डॉक्टरकी नाही मिळाली म्हणून फिजिओ' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते.

माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मुलगी नववीत होती. उजवा हात व पाय गेला. दवाखान्यातून घरी आणल्यावर आम्ही आईला उठवताना त्या लुळ्या हाताला धरूनच ओढत होतो. आठवड्यातून दोनदा एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "हाताला ओढू नका. खांद्याचे स्नायू सैल पडलेले आहेत, ओढल्याने सांधा जागचा सरकतो आणि आयुष्यभर दुखतो." आम्ही प्रेमाने आईला इजाच करत होतो. त्या बाईंनी आईला आधी कुशीवर वळायला शिकवले, मग पलंगाच्या कडेला बसायला, मग उभे राहायला. एकच हालचाल शंभर-शंभर वेळा. मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही, पण सरावाने उरलेला मेंदू नवी वाट शोधतो, असे त्यांनी माझ्या मुलीला समजावून सांगितले. मोजणी करायचे काम मुलीकडे होते. सात महिन्यांनी बुद्धपौर्णिमेला माझी आई काठी टेकत विहारात आली. तुमच्यातील अनेकांनी तो दिवस पाहिला आहे. त्या दिवशी मुलीच्या मनात काय पेरले गेले, ते मला पुढे कळले.

मित्रहो, या शास्त्राचा आपल्या देशातला इतिहास मुंबईतच सुरू होतो. १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले. पोलिओच्या साथींनी मुले पांगळी होत होती तो काळ. १९५३ साली त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. मग काम संपले काय ? नाही. अर्धांगवायू, गुडघ्याची शस्त्रक्रिया, अपघात, सेरेब्रल पाल्सी झालेली बालके, अतिदक्षता विभागातील रुग्णांची छाती मोकळी करणे, हमालाची आणि सफाई कामगाराची गेलेली कंबर, हे सारे या लोकांचे काम आहे. २०२०-२१ च्या कोरोनात बरे झालेल्यांना पुन्हा श्वास घ्यायला आणि चालायला ज्यांनी शिकवले त्यांत तेही होते. २०२१ साली संसदेने या व इतर संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला.

आणि आपल्याला तर या कामाचा धडा फार आधी मिळालेला आहे. विनयपिटकात कथा आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडलेला होता, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी मिळून डोक्याकडून व पायांकडून धरून त्याला उचलून मंचावर ठेवले. रुग्णाच्या अंगाला हात लावणे हे कमीपणाचे काम नाही, हे भगवंतांनी उपदेशाआधी कृतीने दाखवले. ज्या समाजाच्या स्पर्शाला शतकानुशतके विटाळ म्हटले गेले, त्या समाजाची मुलगी आज कोणाही रुग्णाच्या हाताला धरून त्याला उभे करते, याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.

आता ते वर्ष कसे गेले ते सांगतो.

आम्ही तिघांनी, म्हणजे ती, तिची आई आणि मी, एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. एक : मे २०२३ ची नीट द्यायची. दोन : डिसेंबरपर्यंत वैधता प्रमाणपत्र हातात आले पाहिजे, ही जबाबदारी पप्पांची. तीन : गुण कितीही पडले तरी २०२३ मध्ये कुठल्या ना कुठल्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचाच, दुसरे वर्ष थांबायचे नाही. तिसरी ओळ तिच्या आईने घातली, आणि सर्वांत शहाणपणाची तीच होती. मुदत नसलेले थांबणे म्हणजे वाट चुकणे, हे तिला माझ्याकडे बघून कळले असावे.

वैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. माझे आजोबा शाळेत गेले नव्हते, त्यामुळे दाखला नव्हता. तीन वेळा गावी गेलो. शेवटी तहसील कार्यालयात जुन्या कोतवाल बुकात माझ्या एका चुलत आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. ती नक्कल हातात घेतली तेव्हा माझे डोळे भरून आले. ज्या नोंदीत आमच्या माणसाची ओळख फक्त जातीने केली होती, तीच नोंद आज त्याच्या पणतीला कॉलेजात नेणार होती. जानेवारीत प्रमाणपत्र मिळाले, ठरल्यापेक्षा एक महिना उशिरा. घरात मला त्याबद्दल बोलणी बसली, आणि ती रास्तच होती.

मुलीने महागडा क्लास लावला नाही. सकाळी सहा ते दहा आणि दुपारी दोन ते सहा अभ्यास. मागच्या वर्षीच्या पेपरात तिची भौतिकशास्त्रात वाट लागली होती. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. तिने अंदाजाने टोले मारले होते. त्या वर्षी तिने एनसीईआरटीची पुस्तके तीनदा वाचली आणि दर रविवारी घड्याळ लावून पेपर सोडवला. सोणाची कथा तुम्ही ऐकली असेल. वीणेच्या तारा फार ताणल्या तरी सूर निघत नाही, सैल सोडल्या तरी निघत नाही. नोव्हेंबरमध्ये ती ताणाने आजारी पडली, तेव्हा आम्ही आठ तासांचे सहा केले. गुण कमी झाले नाहीत, वाढले.

दुसरी गोष्ट तिने स्वतः ठरवून केली. अमेरिकेत फिजिओथेरपीचे शिक्षण पदवीनंतर असते, आणि तिथली अनेक कॉलेजे अर्जाच्या आधी दवाखान्यात जाऊन काम बघितल्याचे तास मागतात. त्यासाठी तिथले बरेच विद्यार्थी पदवीनंतर एक वर्ष थांबतात. हे तिने कुठेतरी वाचले होते. आपल्याकडे असे तास कोणी मागत नाही. तरीसुद्धा ती आजीच्या त्या फिजिओथेरपिस्ट बाईंना भेटली आणि त्यांच्या ओळखीने, रीतसर परवानगी घेऊन, शनिवारी एका धर्मादाय रुग्णालयाच्या विभागात जाऊन बसू लागली. रुग्णाला हात लावायचा नाही, फक्त बघायचे आणि वहीत लिहायचे. पहिल्या महिन्यात ती हिरमुसली होऊन परत यायची. म्हणायची, "पप्पा, सगळे आजीसारखे बरे होत नाहीत. एक काका सहा महिने येताहेत, अजून बोट हलत नाही." मी विचारले, "मग ते येतात का ?" ती म्हणाली, "खांदा आखडू नये म्हणून. आणि मॅडम त्यांच्याशी बोलतात म्हणून." मला वाटते, तिचा प्रवेश त्या दिवशी झाला. पुढचे काम कागदाचे होते.

२०२३ च्या नीटमध्ये तिला ३४२ गुण मिळाले. तिला हवे होते ते मुंबईतले महापालिकेचे कॉलेज मिळाले नाही. दुसऱ्या फेरीत दूरच्या जिल्ह्यातल्या एका खाजगी महाविद्यालयात राखीव जागेवर, फ्रीशिपसह प्रवेश मिळाला. म्हणजे सारे काही मनासारखे झाले असे नाही. पण कर्जाचा डोंगर टळला, आणि ती आज जे शिकते आहे ते तिने बघून, समजून निवडलेले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, यावरून 'सर्वांनी एक वर्ष थांबावे' असा अर्थ काढू नका. माझ्या परिचयातला एक हुशार मुलगा एक वर्ष, मग दुसरे, मग तिसरे असा थांबत गेला. प्रत्येक वेळी घर म्हणाले, "अजून एकदा." तो हळूहळू कोणाशी बोलेनासा झाला. आज तो सावरतो आहे, पण ती तीन वर्षे परत येणार नाहीत. म्हणून थांबण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारा. मी कशासाठी थांबतो आहे, आणि ते कारण एका वर्षात दूर होणारे आहे काय ? माझे कमी पडलेले गुण अभ्यासाने वाढणारे आहेत काय ? मला हे काम खरोखर ठाऊक आहे, की फक्त नाव ठाऊक आहे ? यंदा मिळत असलेली रास्त फीची जागा मी नुसत्या हव्यासापोटी सोडतो आहे काय ? आणि हे वर्ष संपल्यावर, निकाल काहीही लागो, मी काय करणार ?

पालकांनाही हात जोडून सांगतो. मुलगा-मुलगी अकरावीत गेली की त्याच वर्षी वैधतेचा अर्ज करा. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला काढून ठेवा. थांबायचे ठरलेच तर शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि स्वाधार योजनेचे शैक्षणिक खंडाबाबतचे नियम समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात आधी विचारा, खंडाचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. फोनवरून जागा विकणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी ते कॉलेज सीईटी कक्षाच्या यादीत आहे काय ते बघा. आणि मुलगी थांबली असेल तर त्या वर्षात तिच्यासमोर स्थळांचा विषय काढू नका. तिला घरकामाला मोकळी समजू नका. ती रिकामी नाही, ती वाटेवर आहे.

मंडळाला एक सूचना करतो आणि थांबतो. दर शनिवारी संध्याकाळी विहारात एक टेबल मांडावे. मी आणि माझ्यासारखे दोन-चार कारकून तिथे बसू. अकरावीच्या प्रत्येक मुलाचा वैधतेचा अर्ज तिथे भरला जाईल. ज्या चुकीची किंमत माझ्या मुलीने एका वर्षाने मोजली, ती या वस्तीतल्या दुसऱ्या कोणा मुलीला मोजावी लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे. पहिल्या शनिवारी मी सहा वाजता हजर असेन.

 सत्कार झालेल्या सर्व विद्यार्थ्यांचे अभिनंदन, आणि ज्यांचा यंदा सत्कार झाला नाही, जे मागच्या रांगेत मान खाली घालून बसले आहेत, त्यांना मनापासून शुभेच्छा.

नमो बुद्धाय ! जय भीम !